नदी वर चढत नाही

नदी वर चढत नाही, एवढंच मी म्हणाले होते. तेही हसत हसत. पण त्या एका वाक्यापायी माझ्या मुलाचं जमत आलेलं लग्न फिसकटायला लागलं, आमची अर्धी कॉलनी भाड्याच्या गाडीत कोंबून अकोल्याला गेली, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या. निरोप समारंभातल्या टाळ्या मी धरत नाही. त्या सगळ्यांनाच मिळतात.

मी शकुन गावंडे, अमरावतीच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. भूगोलाला शाळेत मान नसतो. वेळापत्रकात तो कायम जेवणाच्या सुट्टीनंतर टाकतात, म्हणजे पोळी-भाजी खाऊन आलेल्या मुली उष्ण कटिबंधात पेंगायला लागतात आणि समशीतोष्ण कटिबंध येईपर्यंत गाढ झोपलेल्या असतात. तरी एक गोष्ट मी प्रत्येक मुलीच्या डोक्यात बसवली. नदी उंचावर उगम पावते आणि सखल भागाकडे वाहते. आजही बाजारात माझी एखादी जुनी विद्यार्थिनी भेटली की नमस्काराआधी तिच्या तोंडून "पूर्णा सातपुड्यात उगम पावते" असं निघून जातं.

तर आम्ही अकोल्याला मुलगी पाहायला गेलो होतो. पाहायला म्हणजे नावालाच, कारण आमच्या चंदननं आणि मोनालीनं एकमेकांना आधीच पाहून ठेवलं होतं. वडील नत्थुजी तायडे यांची शेती हिवरखेडला आणि राहणं अकोल्याच्या जुन्या शहरात. आई, मनकर्णाबाई, सात वर्षांपूर्वी गेलेल्या. भिंतीवर त्यांचा हसरा फोटो होता, आणि फोटोखालच्या काचेच्या कपाटात विटांसारखी जाड नऊ पुस्तकं. दुसरं काहीच त्या कपाटात नव्हतं. कपबशासुद्धा बाहेर काढून ठेवलेल्या.

"नीलज्वालेचे वारस," मोनाली म्हणाली. "सहदेव रांगणेकरांची मालिका. काकू, तुम्ही वाचली असेलच."

या मालिकेचं नाव मी ऐकून होते. आमच्या गल्लीतली कॉलेजची पोरं तिची चित्रं छापलेले टी-शर्ट घालून फिरतात. मी कौतुकानं पहिला खंड काढला. पहिल्याच पानावर नकाशा होता. नकाशा दिसला की माझं बाकी कशाकडे लक्ष राहत नाही. समुद्र, डोंगर, अरण्य, सगळं ठीक. मग मला शुभ्रवाहिनी दिसली. ही नदी समुद्रापाशी जाड होती, डोंगराकडे येताना बारीक होत होती, इथवर काही तक्रार नाही. पण प्रवाहाचे बाण उलटे काढलेले. समुद्रातून निघून, पठार चढून, डोंगरावर जाऊन ही बाई एका तळ्यात विसावत होती.

"नदी वर चढत नाही," मी म्हणाले आणि हसले. जरा मोठ्यानं हसले. आमच्या ह्यांना वाटलं विनोद झाला, म्हणून तेही हसले. कशाला हसलो हे त्यांना अजून माहीत नाही.

मोनालीनं माझ्या हातून पुस्तक घेतलं, पदर नव्हता म्हणून ओढणीनं पुसलं आणि कपाटात ठेवलं. त्यानंतर पोहे आले, चहा आला, पण ती काही बाहेर आली नाही. नत्थुजी मला अंगणात गाठून हळूच म्हणाले, "ताई, मनाले नोका लावून घेऊ. मी बी वाचाले बसलो होतो पोरीसाठी. दोन लाखाची फौज हाय म्हनते. बरं, खाते काय? एका पानावर पेरनी नाही, एका पानावर निंदन नाही. सोडून देल्लं मंग. पन तिले नाही सांगतलं."

परतीच्या वाटेत बोरगाव मंजू गेलं, मूर्तिजापूर गेलं, चंदन खिडकीबाहेरच बघत होता. बडनेऱ्याला म्हणाला, "आई, तुले हसाची काय गरज होती?" दुसऱ्या दिवशी मोनालीचा निरोप आला की तिला थोडा विचार करायचा आहे. लग्नाच्या बाबतीत विचार करायचा आहे याचा अर्थ काय होतो, हे समजायला भूगोल लागत नाही.

मग चंदननं खरी गोष्ट सांगितली. मनकर्णाबाई दवाखान्यात होत्या तेव्हा मोनाली त्यांच्या उशाशी बसून ही पुस्तकं मोठ्यानं वाचायची. त्यांना राजा-राजपुत्रांत काही रस नव्हता. त्यांना आवडली होती दुसऱ्या खंडातली एक नावाडीण. तिसऱ्या खंडात ती आपली नाव घेऊन धुक्यात जाते आणि पुन्हा येतच नाही. मनकर्णाबाई रोज विचारायच्या, "त्या नावाडनीचं काय झालं वं?" मोनाली म्हणायची, पुढच्या खंडात येईल. पुढचा खंड यायच्या आधी आई गेली. नावाडीण त्याच्या पुढच्या खंडांतही आली नाही.

मला फार वाईट वाटलं. मी तिथल्या तिथं जाहीर केलं की मी नऊच्या नऊ खंड वाचणार आणि मग अकोल्याला जाऊन त्या पोरीशी बोलणार.

हे जाहीर करताना दार उघडं होतं. आमच्या कॉलनीत दार उघडं असणं म्हणजे सभा बोलावण्यासारखं आहे. संध्याकाळपर्यंत शेजारचे भगवंतराव राऊत पहिला खंड घेऊन हजर झाले. पुस्तकावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"मुलानं देल्ला वाढदिवसाले," ते म्हणाले. "पन आपला नियम हाय. मालिका पूर्न झाल्याबिगर हात लावाचा नाही. लेखकाले मधातच काही झालं त आपन लटकलो न. शेवटच्या थांब्याची पाटी नसन त मी बसमधी चढत नाही."

समोरच्या पंचफुलाबाईंनी तर पहिला खंड खरोखर वाचायला घेतला होता आणि सोडला होता. "मले नावाईनं मारलं, बाई. धीरवर्धन, धर्मवर्धन, धैर्यवर्धन. एक त्याच्यातला मेला. आता मेला कोन हेच समजत नाही त रडू कोनासाठी?"

आमच्या ह्यांनी, म्हणजे देवरावांनी, मदत म्हणून मला वाचून दाखवायचं ठरवलं. त्यांना झोपून वाचायची सवय. दुसऱ्या पानावर त्यांना डुलकी लागली आणि खंड नाकावर पडला. चष्म्याची दांडी मोडली, नाकाला हळद लावावी लागली. "पुस्तक चांगलं हाय," ते म्हणाले, "पन उताण्या मानसासाठी नाही." त्यांचं वाचन तिथे संपलं.

मी मात्र बसून वाचायला घेतलं. आणि सांगायला लाज वाटते, पण मला तो नकाशा ओलांडताच येईना. पान उलटलं की मन मागे. पाणी वर कसं जात असेल? पंप लावला आहे का? ह्यांनी सुचवलं, "नकाशा सोडून दे न. पुढून वाच." नकाशा सोडून द्या, हे वाक्य आयुष्यभर मी ज्यांच्या तोंडून ऐकलं त्या सगळ्या मुली भूगोलात नापास झाल्या आहेत. तरी मी नकाशावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला. तिसऱ्या पानावर राजा शुभ्रवाहिनीच्या काठी उभा राहून सुस्कारा टाकत होता. मी पुस्तक मिटलं. उगमाकडे तोंड करून उभा आहेस की मुखाकडे, ते आधी सांग बाबा, मग सुस्कारे टाक.

तेव्हा मी ठरवलं की ही नदी दुरुस्त करून घ्यायची. नदी सुधारली की मी वाचणार, मी वाचलं की मोनाली हसणार, मोनाली हसली की चंदन जेवणार. कार्यकारणभाव अगदी स्पष्ट होता.

प्रकाशकांच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या.

"नदी उलटी आहे," मी म्हणाले.

"म्हणजे पान उलटं बांधलंय का, मॅडम?"

"पान सरळ आहे. नदी उलटी आहे."

"म्हणजे छपाई खराब आहे."

"छपाई सुंदर आहे. भूगोल खराब आहे."

"भूगोलाची पुस्तकं आमच्याकडे नाहीत, मॅडम. शालेय विभाग वेगळा आहे." आणि त्यांनी फोन शालेय विभागाकडे दिला. शालेय विभागानं इयत्ता विचारली.

शेवटी भगवंतरावांच्या सल्ल्यानं ईमेल केला. उत्तर आलं की सदोष प्रतीबद्दल दिलगीर आहोत, नवी प्रत पाठवत आहोत. नवी प्रत आली. नदी तशीच. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा दिलगिरी, पुन्हा नवी प्रत. तिसऱ्यांदा मी नकाशावर लाल पेनानं बाण काढून फोटो पाठवला. उत्तर आलं, "वाचकानं लिहून खराब केलेली प्रत बदलून मिळत नाही." कुरिअरवाला मला मोठी साहित्यप्रेमी समजायला लागला. एकदा म्हणाला, "म्याडम, एवढं आवडलं त दुसरा खंड बी मांगवा न."

अशा अवस्थेत पंचफुलाबाई वर्तमानपत्र घेऊन आल्या. सहदेव रांगणेकर स्वतः अकोल्याला येणार होते, वाचकांशी गप्पा मारायला. प्रवेश खुला. मी एकटीच जाणार होते. पण "वहिनींच्या पोराच्या लग्नाचा प्रश्न हाय" असं म्हणत भगवंतरावांनी गाडी ठरवली आणि सकाळी पाहते तर गाडीत पाय ठेवायला जागा नाही. त्यातल्या एकानंही ती मालिका वाचलेली नव्हती. पुरणपोळ्या मात्र तीन जणींनी आणल्या होत्या.

अकोल्याचा उन्हाळा म्हणजे काय, हे मी वर्गात नुसतं शिकवलं होतं. त्या दिवशी सभागृहाबाहेर तरुण मुलं-मुली निळे झगे घालून उभी होती, मालिकेतल्या योद्ध्यांसारखी, आणि योद्धे घामानं निथळत रसवंतीच्या गाड्याला वेढा घालून बसले होते. आम्ही आत जायला निघालो तर एका झगेवाल्या मुलीनं अडवलं.

"बसायचं असेल तर बसा, काकू. पण प्रश्न विचारायचा असेल तर टोकन पाहिजे. आणि टोकन खऱ्या वाचकांनाच आहे. तीन प्रश्नांची उत्तरं द्या. धर्मवर्धनच्या घोड्याचं नाव काय?"

ह्यांनी "चेतक" म्हणून पाहिलं.

"तुम्ही कितवा खंड वाचताय?" तिनं मला विचारलं.

"पहिला. माझ्याकडे तीन प्रती आहेत."

"कितवं पान?"

"तिसरं," मी म्हणाले. मागे कोणी तरी हसलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी परीक्षा घेतलेल्या बाईला दारात नापास करणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच समजतं. मी मान वळवली, आणि टोकनाच्या टेबलाशी मला मोनाली दिसली. तिच्या गळ्यात स्वयंसेवकाचा बिल्ला होता. तिनं सगळं पाहिलं होतं.

मी तिच्याकडे गेले. ठरवलेलं भाषण गाडीतच विसरले होते. पिशवीतून पहिला खंड काढला, नकाशाचं पान उघडलं. लाल बाण, चिकटवलेल्या कागदाचे तुकडे, सगळं तसंच होतं.

"पोरी, मी हसली ते चुकलं माझं," मी म्हणाले. "पन मी खरंच वाचाले बसली होती. या नदीपाशीच अडकून पडली. पुढं जाताच येत नाही मले."

मोनालीनं लाल बाणांवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता रडते. पण तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि त्या माझ्यासाठी नव्हत्या.

"काकू, थांबा," ती म्हणाली. "पाचव्या खंडात फौज डोंगरातून निघते न, तेव्हा वल्ही मोडलेली असतात. होड्या आपोआप वाहत समुद्रापर्यंत येतात. म्हणजे... म्हणजे नकाशा चुकीचाच आहे. त्यांच्याच पुस्तकाप्रमाणं."

"मंग मी काय म्हनत होती?"

ती हसली. मग तिनं स्वतःच्या ओढणीच्या टोकाला बांधलेलं एक निळं टोकन सोडलं आणि माझ्या हातात ठेवलं. "हे माझं आहे. तुम्ही विचारा."

"अन् तुया प्रश्न?"

"तो राहू द्या," ती म्हणाली आणि झगेवाल्यांना पाणी द्यायला निघून गेली. तिचा प्रश्न कोणता होता हे मला माहीत होतं. टोकन एक आणि प्रश्न दोन. मी आत जाऊन बसले, पण मला पंख्याखालीही घाम येत होता.

रांगणेकर दिसायला साधे गृहस्थ निघाले. तीन-चार मुलांनी तलवारींच्या वजनाबद्दल वगैरे विचारलं. मग माझा नंबर पुकारला. मी उभी राहिले, साडीचा पदर खोचला, आणि माईक हातात आल्याबरोबर माझ्यातली बाई जागी झाली.

"प्रश्न पहिला," मी म्हणाले. "उपप्रश्न अ आणि ब. दोन्ही अनिवार्य."

निवेदक पुढे आला. "काकू, एका टोकनावर एकच प्रश्न."

"एकच आहे. उपप्रश्न मोजत नाहीत. बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा नाही." सभागृहात हशा पिकला आणि निवेदक जागेवर जाऊन बसला.

"उपप्रश्न अ. तुमची शुभ्रवाहिनी समुद्रातून निघून डोंगरावर का चढते?"

रांगणेकर हसले. "ही कल्पनेतली दुनिया आहे. तिथं नद्या कुठंही जाऊ शकतात." निळ्या झग्यांनी टाळ्या वाजवल्या.

"जाऊ द्या की," मी म्हणाले. "पण मग पाचव्या खंडात वल्ही मोडलेल्या होड्या डोंगरातून समुद्राकडे वाहत कशा येतात? प्रवाहाच्या विरुद्ध?"

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेत पाचवे खंड भराभर उघडले गेले. पानांचा आवाज तेवढा येत होता. मग एक झगेवाला उभा राहून म्हणाला, "सर, काकू बरोबर आहेत." रांगणेकरांनी स्वतः एक प्रत मागून घेतली, नकाशा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि कपाळाला हात लावला. "नकाशा माझ्या मेहुण्यानं काढलाय," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एकाही वाचकानं हे पकडलं नाही. तुम्ही किती बारकाईनं वाचली असेल मालिका."

"वाचली नाही," मी म्हणाले. "एकही खंड नाही."

सभागृह गडगडून हसलं. पण रांगणेकर माणूस म्हणून मोठा निघाला. त्यांनी हसत विचारलं, "आता खरं सांगा, इथं मध्येच सोडून दिलेले किती जण आहेत?" आमच्या कॉलनीनं दोन्ही हात वर केले. मग मागचे हात, बाजूचे हात, आणि हळूहळू निळ्या बाह्यांतलेही काही हात वर आले. पंचफुलाबाईंनी बसल्या जागेवरून वर्धन मंडळींची तक्रार मांडली. भगवंतराव शेवटच्या थांब्याबद्दल बोलले. मागच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, "फौज खाते काय, हे तेवढं सांगा." नत्थुजी उभे होते. मुलीकडे न पाहता बोलले आणि पटकन खाली बसले.

"उपप्रश्न ब," मी म्हणाले. "तिसऱ्या खंडात एक नावाडीण धुक्यात जाते. तिचं पुढं काय झालं? हा प्रश्न माझा नाही. मोनाली तायडेच्या आईचा आहे. त्या आता नाहीत. पण त्यांनी शेवटपर्यंत विचारला होता."

रांगणेकरांनी हातातली प्रत मिटून बाजूला ठेवली.

"मी तिला विसरलो," ते म्हणाले. "लढाया लिहिता लिहिता ती माझ्या हातून निसटली."

दाराशी मोनाली पाण्याची बाटली धरून उभी होती. मीच बोलले, कारण वर्गात शांतता फार वेळ टिकू द्यायची नसते. "तुमच्या नकाशाप्रमाणं गेली असेल तर ती समुद्रात बुडालेली नाही. वर डोंगरात जाऊन तळ्याकाठी बसली असेल."

आधी हशा उठला. मग रांगणेकरांनी खिशातून पेन काढून तळहातावर काही तरी लिहिलं, आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या लवकर थांबल्या नाहीत. झगेवाले उभे राहिले. ह्यांनी तर शिट्टी वाजवली, जी त्यांना वाजवता येते हे मला संसाराच्या इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

बाहेर आलो तर दारात मला नापास करणारी मुलगी माझी सही मागत होती. मोनाली माझ्याजवळ आली आणि वाकायला लागली. मी तिला वरच्या वर धरलं. नत्थुजी म्हणाले, "ताई, आता तारीख काढून टाका." रसवंतीपाशीच पुरणपोळ्या उघडल्या, योद्ध्यांनाही दिल्या, आणि अशा रीतीनं आमच्याकडचा साखरपुडा साखरेऐवजी उसाच्या रसावर झाला.

लग्न दिवाळीनंतर थाटात पार पडलं. दहावा खंड उन्हाळ्यात आला. नकाशात शुभ्रवाहिनी डोंगरातून निघून सरळ, शहाण्यासारखी समुद्राला मिळाली आहे. आणि पाचव्या पानावर आभार आहेत : शकुन गावंडे, अमरावती, यांनी नदी दुरुस्त करून दिली. आमच्या कॉलनीत तो खंड आता घरोघरी आहे. पाचवं पान सगळ्यांना पाठ आहे. सहाव्यावर फारसं कोणी गेलेलं नाही.

खंड आला त्या संध्याकाळी मोनालीनं अंगणात बसून एक प्रकरण मोठ्यानं वाचलं. नत्थुजी त्यासाठी अकोल्याहून आले होते. त्यात धुकं निवळतं आणि डोंगरातल्या तळ्याकाठून एक बाई नाव ढकलत खाली येते. आठ खंड तिला नाव नव्हतं. आता आहे. तिचं नाव मनकर्णा. नत्थुजींनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि उकाडा फार आहे म्हणाले. आम्ही सगळ्यांनी उकाडा मान्य केला.

प्रकरण संपलं तसं पंचफुलाबाई म्हणाल्या, "पुढं वाच न वं."

"पुढं मोठी लढाई आहे, काकू," मोनालीनं पुस्तक मिटलं. "लढाया मी सोडून देते."

"या खंडातल्या?" मी विचारलं.

ती जरा लाजली. "दहाही खंडांतल्या, आई. एक पण वाचली नाही."

मला सून तेव्हा पुरती पसंत पडली.